पत्ता वाचा!

ताईंना त्या दिवशी सभागृहात सरकारची बिनपाण्याने हजामत करायची होती, त्यामुळे सकाळपासून घरात कोणाशी बोलायला त्यांना सवड नव्हती. ताई विरोधी पक्षाच्या. गृहनिर्माण आणि कुटुंबसेवा हे त्यांचे खास विषय. ही दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे होती आणि त्या मंत्र्याची झोप ताईंनी गेली दोन वर्षं उडवली होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन आणि पायाने चपलांचा शोध, अशा अवस्थेत त्या दाराकडे निघाल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगं, जरा एक मिनिट..."

"आई, संध्याकाळी बघू हं!" असं म्हणेपर्यंत ताई जिना अर्धा उतरल्याही होत्या.

कचेरीत त्यांचे सहायक वाट पाहत होते. हे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर. जन्मभर त्यांनी लोकांच्या पाकिटांवरचे पत्ते वाचले होते, आतला मजकूर वाचण्याची मात्र सोय नव्हती. निवृत्तीनंतर ताईंकडे लागल्यापासून त्यांनी त्याचं पुरेपूर उट्टं काढलं. कचेरीबाहेरच्या तक्रारपेटीत येणारं प्रत्येक पत्र ते अगदी स्वल्पविरामासकट वाचत, आणि पाकिटाकडे ढुंकूनही पाहत नसत.

"ताई, असं पत्र गेल्या पाच वर्षांत आलं नाही," पोस्टमास्तर डोळे पुसत म्हणाले. "म्हाताऱ्या बाईंचं आहे. मी दोनदा वाचलं, दोनदा रडलो. तुम्हाला सभागृहात चष्मा लावायचा नसतो, म्हणून ठसठशीत अक्षरांत टाइप करून दिलंय. मूळ पत्र पाकिटासकट मागे टाचलंय."

ताईंनी चार ओळींवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला. सरकारला नेमकं इथंच गाठायचं!

बारा वाजता ताई सभागृहात उभ्या राहिल्या. मंत्र्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढून घेतला.

"अध्यक्ष महाराज," ताईंनी आवाज खाली आणला, "मी आज आकडे सांगणार नाही. एका आईचं पत्र वाचणार आहे." आणि त्या वाचू लागल्या. "'माझ्या पलंगाच्या बरोबर वर छत गळतं. पूर्वी एक थेंब पडायचा, आता थेंबांनी रांग लावली आहे. मी उशाशी पातेलं ठेवते. ते भरलं की उठते, ओतते, परत आडवी होते. माझं वय अठ्ठ्याहत्तर. ज्या बाईंच्या हातात हे काम आहे त्यांना मी सहा वेळा सांगितलं. पहिल्यांदा त्या बघू म्हणाल्या. दुसऱ्यांदा नक्की बघू म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या फोनवर बोलत होत्या, त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. मी अजून थांबलेच आहे.'"

सत्ताधारी पक्षाच्या एका धिप्पाड सदस्याने नाक शिंकरलं.

"कोण आहे ही निर्दयी बाई?" ताई कडाडल्या. "कोणत्या खुर्चीवर बसते? तिच्या घरी म्हातारं माणूस नाही का? अध्यक्ष महाराज, त्या बाईला आजच्या आज घरी पाठवा, अशी माझी मागणी आहे!"

बाकं इतकी वाजली की धूळ उडाली. मंत्री उठले. "मी खरोखर हादरलोय," ते म्हणाले. "सन्माननीय सदस्यांनी पत्ता द्यावा. एका तासात माझा अभियंता तिथे पोहोचेल."

"लिहून घ्या!" म्हणत ताईंनी तो टाइप केलेला कागद उलटला. मागे पाकीट होतं. पाकिटावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरांत पत्ता होता. हे अक्षर ताई रोज पाहत होत्या, फ्रिजवर चिकटवलेल्या सामानाच्या यादीत, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांत. ताईंनी पाकीट झटकन तळव्याखाली झाकलं.

"पत्ता... गोपनीय आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"गोपनीय? मग पत्र बनावट असेल!" मंत्र्यांना एकदम हुरूप आला.

हे ताईंच्या पक्षाला कसं सहन व्हावं? त्यांचेच सोळा सदस्य बाकांवर उभे राहिले. "बनावट कसं? ताई, पत्ता वाचा! वाचा पत्ता!" त्यांचे पक्षनेते तर टेबलावर मुठी आपटत होते. ताईंनी त्यांना डोळ्यांनी खुणावून पाहिलं. ताई गहिवरल्यात असं समजून त्यांनी आणखी जोरात मुठी आपटल्या.

"तिसरी गल्ली," ताई पुटपुटल्या.

"मोठ्याने!"

"इमारत सात. दुसरा मजला. डाव्या हाताचं दार."

मंत्री लिहून घेत होते. 'डाव्या हाताचं' इथं त्यांचं पेन थांबलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. "अहो, या पत्त्यावर तर मी दोन वर्षं तुमच्या प्रश्नांची उत्तरं पाठवतोय!"

तिकडे ताईंचे यजमान, जे दंतवैद्य होते, आपल्या दवाखान्यात दूरदर्शन संचावर हे सगळं पाहत होते. खुर्चीवरच्या रुग्णाने आ वासलेला होताच, आता डॉक्टरांनीही वासला.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "सन्माननीय सदस्यांनी मघाशी त्या बाईंना आजच्या आज घरी पाठवण्याची मागणी केली होती. ती मान्य करण्यात येत आहे."

ताई घरी पोहोचल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. जिन्यात शेजारीपाजारी जमले होते आणि ताईंना पाहून वाट देत होते, जशी दुखवट्याच्या घरी देतात. आत पलंग भिंतीला सरकवलेला, त्या जागी शिडी, शिडीवर सरकारी अभियंता. स्वयंपाकघरात सासूबाई मंत्र्यांनीच धाडलेल्या कुटुंबसेवा विभागाच्या समुपदेशक बाईंसमोर बसल्या होत्या. बाईंच्या हातात चार पानी अर्ज होता.

"सूनबाई त्रास देतात का?" बाई विचारत होत्या.

"छे हो! काहीच देत नाही. वेळसुद्धा नाही."

"आई!" ताई दारातच किंचाळल्या. "तुम्ही माझी तक्रार सरकारकडे केलीत?"

सासूबाई दचकल्या. "सरकारकडे? मी कशाला सरकारकडे जाऊ? मी तुझ्याच कचेरीच्या पेटीत टाकलं पत्र. ते सरकारला तूच वाचून दाखवलंस!"

"पण पेटीत का? मला घरात सांगायचं ना!"

"सहा वेळा सांगितलं. घरात सांगितलं की तू बघू म्हणतेस. पेटीतलं निदान वाचतेस तरी, असं ऐकलं होतं."

ताई स्टुलावर बसल्या.

समुपदेशक बाईंनी अर्जाचं पान उलटलं. "आता तुमची माहिती. व्यवसाय?"

"प्रश्न विचारणं."

"आणि उत्तरं?"

"ती सरकारने द्यायची असतात," ताई सवयीने बोलून गेल्या. सासूबाईंनी मान फिरवली. बाईंनी काहीतरी बराच वेळ लिहिलं. ताई मान लांबवून ते उलटं वाचायचा प्रयत्न करू लागल्या.

इतक्यात आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला. सगळे धावले. अभियंत्याने पेचकसाने छत टोकरलं होतं आणि ताटाएवढा गिलावा त्यांच्या डोक्यावर आला होता. ते शिडीवरच पांढरेफटक होऊन उभे होते. "पाणी वरून येतंय," त्यांनी जाहीर केलं.

"छताला ते खालून कसं येईल?" सासूबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे ताईंना ठाऊक नव्हतं. सगळी वरात जिना चढून गेली. वरच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि वर पत्र्याची पाटी होती. पाटीवरची धूळ अभियंत्याने रुमालाने पुसली आणि पाटी वाचली. 'गृहनिर्माण खाते. गरजू कुटुंबांसाठी निवास. परवानगीशिवाय आत येऊ नये.'

"तीन वर्षं बंद आहे," सासूबाई म्हणाल्या. "आत नळ वाहतो. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा हेही सांगितलं होतं."

सरकारने रिकामी घरं दडपून ठेवली आहेत, असा आरोप त्या दोन वर्षं करत होत्या, आणि पुरावा त्यांच्या डोक्यावर थेंब थेंब गळत होता! अभियंत्याने मंत्र्यांना फोन लावला. मंत्री वार्ताहरांच्या गराड्यात होते, आवाजात लग्नघरचा उत्साह होता.

"बोला, सापडली का गळती?"

"साहेब, गळती आपलीच आहे."

"आपली म्हणजे? पक्षाची?"

"खात्याची, साहेब."



दुसऱ्या दिवशी ताई सभागृहात उठल्या तेव्हा सत्ताधारी बाकांवरून 'पातेलं आणलंय का?' अशी आरोळी आली. ताईंनी ती ऐकून घेतली. मग त्या एवढंच म्हणाल्या, "काल मी घरी गेले. माझं चुकलं होतं, ते मी बघितलं. आता वरच्या मजल्यावरचं मंत्र्यांनी सांगावं."

मंत्री उभे राहिले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. खात्याने रात्रभर किल्ली शोधली, ती सापडली नाही, शेवटी कुलूप फोडलं, असं त्यांनी सांगितलं. आत दोन खोल्या, एक वाहता नळ. आणि नोंदवहीप्रमाणे त्या दोन खोल्यांत गेली तीन वर्षं पाच जणांचं एक कुटुंब सुखाने राहत होतं.

"कुठे आहे ते कुटुंब?" ताईंना धक्काच बसला.

"आमच्याच कचेरीबाहेर, रांगेत," मंत्री खाली बघत म्हणाले. "त्यांना घर मिळालंय हे कळवायचं राहून गेलं होतं. आज सकाळी कळवलं. कुटुंबप्रमुख शिंपीकाम करतात. ते मटकन खालीच बसले. त्यांना आधी पाणी पाजावं लागलं."

त्या दिवशी बाकं कोणी वाजवली नाहीत. संध्याकाळी ताई सात वाजता घरी आल्या, तेव्हा शिंप्याची बायको शिवणयंत्र वर चढवत होती आणि सासूबाई जिन्यात उभ्या राहून 'जपून, जपून' करत होत्या. ताईंनी पदर खोचला आणि यंत्राचं दुसरं टोक धरलं.

आठवडा सरला. एका सकाळी पोस्टमास्तरांनी तक्रारपेटी उघडली आणि ती त्यांच्या अंगावर ओसंडली. आता ते आधी पाकीट पाहत असत. पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तिसऱ्यापाशी पोहोचताच त्यांनी ताईंना हाका मारायला सुरुवात केली.

"ताई! हे सगळे पत्ते सभागृहातल्या सदस्यांच्या घरचे आहेत! दोन्ही पक्षांच्या! आणि हे... हे मंत्र्यांच्या बंगल्यावरून आलंय!"

ताईंनी चष्मा लावला. पत्र मंत्र्यांच्या आईचं होतं, आणि चारच ओळींचं.

'आमच्या न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. सात महिने झाले, मी गाणं म्हणत अंघोळ करते. मुलाला घरी विचारलं तर तो मोबाइलमधून मान वर करत नाही. तुम्ही विचारलंत, तर तो उभा राहून उत्तर देतो.'