अकरा विरुद्ध अकरा

त्या गुरुवारी मी फक्त एक स्क्रू काढून बघायचं ठरवलं होतं. एकच. पुढचं सगळं रामायण त्या स्क्रूने घडवलं, मी आपला निमित्तमात्र.

आधी घरची परिस्थिती सांगतो. माझी बायको आर्किटेक्ट आहे. पंधरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास आखले. आता पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर एक अख्खी इमारत उभी राहण्याची शक्यता होती. सार्वजनिक वाचनालय. चार महिने खपून तिने ते कॉम्प्युटरवर उभं केलं होतं, आणि त्याच दिवशी दुपारी चार वाजता निवड समितीचे पाच जण व्हिडिओ कॉलवर येणार होते. ती त्यांना घरबसल्या त्या वाचनालयातून फिरवून आणणार होती. दारातून आत, जिन्याने वर, मोठ्या सभागृहात. समितीच्या अध्यक्षबाईंनी आधीच्या दोन आर्किटेक्टांना दहा-दहा मिनिटांत वाटेला लावलं होतं. त्या हसल्याचं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

एवढी इमारत पडद्यावर न अडखळता फिरायची, तर कॉम्प्युटरमध्ये दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. दुकानदाराने आठवडाभर वापरून बघायला दोन दिली होती. दोन्ही गेम खेळणाऱ्यांसाठी नव्हे, काम करणाऱ्यांसाठी बनवलेली. थोरलं विटेएवढं, दोन पंख्यांचं. धाकटं एका पंख्याचं, आणि किमतीला थोरल्याच्या निम्मं. बायकोने दोन्ही वापरून थोरलं पसंत केलं होतं.

"दोन वाजता दुकानदार येतील," वाचनालयाच्या जागेचे फोटो काढायला निघताना ती म्हणाली. "टेबलावरचं छोटं कार्ड त्यांना द्या. मोठं मशीनमध्ये बसवलेलं आहे, ते राहू दे. मी तीन-सव्वातीनला येते. आणि अहो..."

"काय?"

"बाकी कशालाही हात लावू नका."

"मी कशाला लावू?"

"लावेल तो," शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली. (सख्खी आई आहे माझी. सुनेची नव्हे.)

आता माझी बाजू ऐका. मी वजन-मापे तपासणी कार्यालयात कारकून आहे. दुकानदारांचे तराजू खरं बोलतात की खोटं, याच्या नोंदी बावीस वर्षं करतोय. दोन वस्तू शेजारी शेजारी दिसल्या, की त्यांत सरस कुठली हे ठरवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. आणि बायकोने निवड केली ती कशावरून? "वापरताना बरं वाटलं" यावरून! ना तक्ता, ना तीन वेळा मोजणी, ना सही. आमच्या कार्यालयात असं कोणी केलं असतं तर त्याची वेतनवाढ थांबली असती.

शिवाय (हे आपल्यातच राहू द्या) त्या मशीनवर मी फावल्या वेळात गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. दोन वर्षांत मी शेवटून दुसरा कधी आलो नाही, कायम शेवटचाच. त्याला कारण मशीन, असं माझं ठाम मत होतं. आता घरात दोन कार्डं आली होती आणि बायकोने मला आठवडाभर मशीनजवळ फिरकू दिलं नव्हतं.

मी मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा धाकटा भाऊ उठता-बसता गेम खेळतो.

"भाऊजी, ही कामाची कार्डं गेमसाठी नसतात," तो म्हणाला. "चालतात, पण त्या पैशात गेमचं कार्ड जास्त पळतं. बघायचंच असेल तर एकच गेम, एकच रस्ता, सगळ्या सेटिंग तशाच ठेवा. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा येतो. सेकंदाला मशीन किती चित्रं काढतं, तो. जितका जास्त तितकं चांगलं. पण ताईला विचारलंय ना?"

"तिनेच सगळं माझ्यावर सोपवलंय," मी म्हणालो, आणि स्क्रू काढला.

मशीन आडवं करायचं म्हणून मागच्या सगळ्या वायरी उपसल्या. थोरलं कार्ड नीट बसलंय याची खात्री केली, मशीन उभं केलं, वायरी परत खोचल्या. पडद्याची वायर दोन ठिकाणी बसत होती. जी जागा आधी हाताला लागली तिथे मी ती बसवली. गेम सुरू केला.

फ्रेम अकरा.

गाडी बैलगाडीसारखी चालली होती. थोरल्याचा एवढा बोलबाला आणि अकरा? मी पुन्हा मोजलं. अकरा. तिसऱ्यांदा मोजलं. अकरा.

मग थोरलं काढलं. हे लिहायला तीन शब्द लागले, काढायला पाऊण तास. त्याला खाली एक खिट्टी असते हे मला ठाऊक नव्हतं. मी ओढतोय आणि ते हलत नाही. एकदा कट् असा आवाज झाला.

"काय मोडलं?" आई आतून.

"काही नाही!"

"मग मोडेल. बारा वाजतायत फक्त."

धाकटं बसवलं, वायरी त्याच जागी खोचल्या (मोजणीत फरक पडायला नको ना!), गेम लावला. फ्रेम अकरा. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकरा.

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. बावीस वर्षांत दोन तराजू इतके तंतोतंत जुळलेले मी पाहिले नव्हते. याचा अर्थ उघड होता. निम्म्या किमतीचं कार्ड तेवढंच काम करतं, म्हणजे दुकानदार माझ्या भोळ्या बायकोला दुप्पट किमतीची वीट विकत होता! मी मेहुण्याला फोन करून निकाल सांगितला.

"दोन्हींवर अकरा?" तो म्हणाला. "भाऊजी, असं कसं होईल? तुम्ही वायर कुठे—"

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मी फोन ठेवला. त्याचं ते वाक्य मी पुरं ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दोन वाजले होते. मी घाईघाईने थोरलं कार्ड त्याच्या खोक्यात भरलं. आमच्या कार्यालयात चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा नमुना बदलला, तेव्हा जुन्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मी डब्यांवर नावं घालायला घरी आणला होता. (चोरी नव्हे. रद्दीच ती.) पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, वर लाल ठळक अक्षरात 'तपासले', खाली 'पात्र' की 'अपात्र' ते खडूने रंगवायचं. मी तळहाताएवढं 'अपात्र' रंगवलं, तारीख घातली, झोकदार सही केली आणि ती खोक्याच्या तोंडावर चिकटवली.

दुकानदार गरीब स्वभावाचा माणूस. तो चिठ्ठीकडे बघत राहिला.

"पण मॅडमना तर हेच हवं होतं."

"मॅडमना फसवता येईल, आम्हाला नाही," मी म्हणालो आणि त्याला तक्ता दाखवला. सहा रकाने, सहा अकरा. तो खोका घेऊन जिना उतरला.

बायको तीन वाजून दहा मिनिटांनी आली. मी तक्ता पाठीमागे लपवून, योग्य क्षणाची वाट बघत उभा. तिने हात धुतले, मशीन लावलं, वाचनालय उघडलं. दार उघडायला सुरुवात झाली. अर्धं उघडून ते थांबलं. मग एकदम भिंतच समोर आली. मग काहीच नाही.

"हे काय झालं?" तिचा आवाज बारीक झाला.

"काळजी करू नकोस. तुझी मोठी फसवणूक टळली," असं म्हणून मी तक्ता पुढे केला.

तिने तो वाचला. वरून खाली, मग खालून वर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मशीनच्या मागे वाकली आणि म्हणाली, "ही वायर इथे कोणी लावली?"

"मी. नीट बसली होती की."

"अहो, ही मशीनची स्वतःची जागा आहे. कार्डाची जागा खाली आहे. तुम्ही पडदा कार्डाला जोडलाच नव्हता. दोन्ही कार्डं आत नुसती बसून होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तराजूत काहीच न ठेवता दोनदा वजन केलंत."

माझ्याच धंद्यातला दृष्टान्त. तो बरोबर जिथे लागायचा तिथे लागला.

तिने वायर खालच्या जागी लावली. दार झर्रकन उघडलं, जिना आला, मला हायसं वाटलं. पण मोठं सभागृह येताच, तिथल्या दोनशे खुर्च्या आणि खिडकीबाहेरची झाडं दिसायची वेळ आली, तसा पडदा पांढरा होऊन थिजला.

"एवढं याच्या पोटात मावत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मोठं घेत होते." तिने घड्याळ पाहिलं. तीन वीस. तिचे डोळे भरले, आणि ती तोंड फिरवून म्हणाली, "चार महिने, हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दुकानदाराला फोन लावला. फोन व्यस्त. पुन्हा व्यस्त.

"तो फोनवर बोलत बसलाय तोवर तू पोचशील," आई म्हणाली. "पळ."

मी पळालो. दुकान तीन गल्ल्या सोडून. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बायकोची. दुकानात शिरलो तेव्हा तीन चौतीस झाले होते. खोका काउंटरवर होता. माझ्या चिठ्ठीसकट.

"द्या," मी धापा टाकत म्हणालो. "ते... चांगलं आहे."

"चांगलं?" गरीब स्वभावाचा तो माणूस आता भडकला. "आत्ता एक व्हिडिओवाले आले होते, रोख देऊन हे घेऊन निघालेच होते. ही चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, अपात्र माल मला देता? गेले निघून. फोन करकरून त्यांची समजूत काढतोय मी!"

म्हणजे माझ्या चिठ्ठीनेच कार्ड वाचवलं होतं. हे त्याला पटवून द्यायला लागलो, पण वेळ नव्हता आणि त्याचा चेहराही तसा नव्हता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "ती चिठ्ठी मात्र तुमची तुम्ही काढा. सरकारी शिक्क्याला मी हात लावणार नाही."

तीन सत्तेचाळीसला मी घरी पोचलो. बायकोने मशीन आधीच उघडून ठेवलं होतं. तिने खोक्यावरची चिठ्ठी एका फटक्यात ओरबाडली, ती तिच्या बोटांना चिकटली, झटकली तशी मागच्या खुर्चीच्या पाठीशी उलटी जाऊन पडली. तिने खिट्टी दाबून धाकटं काढलं, थोरलं बसवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी त्याच खुर्चीत कोसळलो आणि श्वास गोळा करत राहिलो. वायरी, जोडणी, सगळं होता होता तीन अठ्ठावन्न. पडदा लागला. चार. समितीचे पाच चेहरे आले.

मला उठून जायचं होतं, पण उठलो असतो तर कॅमेऱ्यात आलो असतो. म्हणून मी तिथेच अंग चोरून बसलो. दार उघडलं. जिना आला. सभागृह जवळ येऊ लागलं तसा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आत शिरलो. दोनशे खुर्च्या, खिडकीबाहेर झाडं, आणि पानंसुद्धा हलत होती! माझ्या बायकोने हे सगळं स्वतःच्या मनाने उभं केलं होतं, आणि मी ते आज पहिल्यांदा धड पाहत होतो. मी अडाण्यासारख्या सहा वेळा गाड्या पळवल्या, पण हे एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

"लहान मुलांनी वरच्या कपाटातलं पुस्तक कसं काढायचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं. चेहरा दगडी.

"मुलांच्या दालनात वरची कपाटंच नाहीत," बायको म्हणाली.

अध्यक्षबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. एवढ्यात माझ्या घशाने दगा दिला आणि मी मोठ्याने खोकलो.

"तिथे कोण आहे?" अध्यक्षबाई.

बायकोने डोळे मिटले. "माझे मिस्टर. मशीनचं... त्यांनीच बघितलं."

लपण्यात अर्थ नव्हता. मी रुबाबात उठलो, कॅमेऱ्यासमोर येऊन हात जोडले, "यंत्र आम्ही स्वतः तपासलेलं आहे," एवढंच म्हणालो, आणि वळून पाणी प्यायला निघालो.

दारापर्यंत पोचेस्तोवर मागून हसण्याचा स्फोट झाला. वळून पाहिलं तर अध्यक्षबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. पाचही जण हसत होते. मी पुन्हा एकदा नमस्कार केला. त्यावर ते आणखी हसले.

वीस मिनिटांनी बायको स्वयंपाकघरात आली. डोळे लाल, चेहरा उजळलेला.

"मिळालं," ती म्हणाली, आणि आईच्या गळ्यात पडली.

माझा जीव भांड्यात पडला. पण गप्प बसेन तर मी कसला.

"शेवटी त्या बाईंना हसवलं कोणी?" मी म्हणालो. "मोजकं बोलायचं, पण ठामपणे. अशा वेळी माणसाचं एक वजन असावं लागतं."

बायको हसत हसत खाली बसली. आईने चष्मा लावला, मला खांद्याला धरून वळवलं आणि माझ्या पाठीवरून काहीतरी चर्रकन सोलून काढलं.

"'तपासले'," तिने सावकाश वाचलं. "'अपात्र'."

"हे माझ्या पाठीवर कोणी चिकटवलं?" मी ओरडलो.

"ते जाऊ दे," चिठ्ठी माझ्यासमोर धरत आई म्हणाली. "खाली सही कोणाची आहे, ते बघ."