आरोळी शेजारच्या दुकानाची

टोपीवाले दौलूअण्णा स्वतःच्या टोपीला कधी चांगली म्हणत नसत. गिऱ्हाईक टोपी डोक्यावर चढवून विचारी, "कशी दिसतीया?" अण्णा दुसरीकडे बघत. "मी कोन सांगनार? माझाच माल, मीच वाखानू? बाजूच्या मास्तरास्नी इचारा."

बाजूचा मास्तर म्हणजे मी. शाळा सोडून वह्या-पाट्यांचं दुकान काढलं, तरी कोल्हापुरानं माझं मास्तरपण काही सोडलं नाही. टोपीतलं मला एवढंच कळे की ती डोक्यावर घालतात. तरी अण्णांची हाक आली की हातातलं काम टाकून मी त्यांच्या पायरीवर जाई, कुणाच्या तरी डोक्याकडे गंभीरपणे बघे आणि "छान" म्हणे. गिऱ्हाईक टोपी घेऊन जाई.

अण्णांच्या पलीकडचं खण-लुगड्यांचं दुकान शंकरचं. शंकर त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर एका दुकानाची दोन झाली, तेव्हा मधली फळी चार बोटं इकडे बसली की तिकडे, यावरून दोघांचं बिनसलं. त्याला वर्षं लोटली, पण बोलणं बंद झालं ते झालंच. एकमेकांना काही सांगायचं असलं तर ते मला सांगत, तेही दुसऱ्याला फळीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर हमरस्त्याला मोठं दुकान उघडलं. काचेची कपाटं, विजेचे रंगीत दिवे, दारात कर्ण्यावर गाणी. लुगड्यापासून फटाक्यांपर्यंत सगळं एका छपराखाली. कागल-गडहिंग्लजची माणसं एस्टीतून उतरली की सरळ तिकडे. आमच्या बोळात आम्ही माशा मारत बसलो. वर्षाची सगळी भिस्त दिवाळीवर असलेली आम्ही माणसं. ही दिवाळी गेली तर निम्म्या दुकानांना कुलूप लागणार, हे प्रत्येकाला कळत होतं.

चहाच्या दुकानात बैठक भरली. कुणीतरी म्हणालं, आपणही कर्णा आणू. अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि मिशा पुसल्या.

"कर्ना कशाला? गळं हाईत की. पर उद्यापासनं कुनी सोताचं नाव घ्यायचं न्हाय. ज्यानं त्यानं आपल्या उजव्या बाजूच्या दुकानाचं वरडायचं. आपलं आपुनच चांगलं म्हनल्यावर कोन इस्वास ठेवतंय? गिऱ्हाईक काय खुळं हाय?"

सगळ्यांना पटलं. मग लक्षात आलं की अण्णांच्या उजवीकडे शंकर येतो. शंकर कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता.

"अण्णांचं तेवढं बदलून घेऊ या," मी म्हणालो.

"का? पंगतीत मधलं पान सोडून वाढत्यात व्हय?" अण्णा माझ्यावरच उखडले.

दुसऱ्या दिवशी बोळाला कंठ फुटला. फक्त एक झालं. जो तो शेजाऱ्याच्या मालाचं कौतुक आपल्याच धंद्याच्या भाषेत करू लागला. माझ्या डावीकडचा चपलावाला गरजला, "घ्या मास्तराच्या वह्या! कशाबी वापरा, टाचंला उसवायच्या न्हाईत!" बुजरा शंकर पलीकडच्या तांब्या-परातींसाठी पुटपुटला, "कितीबी धुवा, रंग जायाचा न्हाय." लोक हसायला थांबत, आणि थांबले की काहीतरी घेतल्याशिवाय हलत नसत. आमच्या बोळाची गंमत एस्टीतून गावोगाव पोचली.

पण आवाज ऐकावा तो अण्णांचा! "पावणं, शंकरची लुगडी बगितल्याबिगर जाताय कसं? काठ बगा, पोत बगा!" दोन दिवसांत लुगडी मागं पडली आणि शंकरच पुढं आला. "मानूस बगा की! ल्हानपनापासनं वळखतो. खोटं बोलाय गेला की कान लाल हुत्यात त्याचं!"

पेठ वडगावचं एक जोडपं दुकानात शिरलं आणि तसंच बाहेर आलं. बाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अवो टोपीवाले, कान तर लालभडक हाईत की त्यांचं!"

आम्ही पोट धरून हसलो. अण्णा हसले नाहीत. "लुगडं बिनघोर घ्या, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "कान माझ्यामुळं लाल हाईत."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. तिकडे मोठ्या दुकानाचा कर्णा गात होता आणि इकडे त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अशा ऐन गर्दीत अण्णांचा घसा बसला. तोंड उघडत, पण शब्द उमटेना. तरी माणूस पायरीवर उभाच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही हातांनी भावाचं दुकान दाखवत राहिला.

शंकर उठला. हातातलं लुगडं तसंच टाकून तो खाली उतरला आणि अण्णांची पायरी चढला. आमच्या आरोळ्या आपोआप थांबल्या.

"आण्णा, गप बसा की आता," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनंतरचं त्याचं पहिलं बोलणं हे. मग तो रस्त्याकडे वळला आणि ह्या बुजऱ्या माणसानं कधी नव्हे ती खणखणीत आरोळी दिली, "या की पावणं, टोप्या बगा! माझ्या आण्णाच्या टोप्या हाईत!"

टोप्यांची आरोळी खरं तर माझ्याकडे होती. ती शंकरनं घेतली ती घेतलीच, आणि मला मनापासून आनंद झाला. अण्णा काहीच बोलले नाहीत. घसा बसला होता म्हणून, असं ते पुढे सांगत. पण मी शेजारीच उभा होतो. घसा धड असता, तरी त्या वेळी त्यांना बोलता आलं नसतं.