नामाकाकांची तीन लेकरं

आमच्या नामाकाकांना मूलबाळ नव्हतं. पण आमच्या गावाची, एकोडीची शीव ओलांडली की त्यांना तीन लेकरं व्हायची. एसटीत शेजारच्याने सहज विचारायचा अवकाश, काका सुरू. "तीन हायेत, बाप्पा! दोन पोट्टे, एक पोरगी. पोरगी लय गुणाची." नावंसुद्धा ठरलेली: रमेश, सुरेश आणि बेबी. मी सख्खा पुतण्या, बाजूला बसून खिडकीबाहेर बघायचो. हसू दाबून दाबून पोट दुखायचं.

या सवयीपायी तुमसरात आमची पाचावर धारण बसली. ते नसबंदीचे दिवस होते. दोनाच्या वर लेकरं असलेल्याला जीपमध्ये घालून नेतात, अशी गावोगाव आवई होती. पंपाची मोटर दुरुस्तीला टाकली, म्हणून आम्हाला दोन दिवस लॉजवर राहावं लागलं. लॉज कसला, राइस मिलच्या भिंतीला टेकलेल्या चार खोल्या! मिल सुरू झाली की खाट हलायची. नळाला पाणी नाही, चादरीवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या भाजीचा डाग. चहा सांगावा, तर दोन तासांनी वेटर "कोणी सांगतला होता?" असं विचारायला यायचा.

आल्या आल्या रजिस्टर लिहिताना मॅनेजरने गप्पांच्या ओघात विचारलं होतं, "लेकरं किती जी?" काकांनी सवयीने सांगून टाकलं, "तीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली जीप थांबली. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"अबे, मॅनेजर आपल्या खोलीकडे बोट दाखवून राहिला!"

"मग जाऊन खरं सांगून टाका ना, काका."

"काय खरं?" काका खेकसले.

मी कडी लावली. मिलच्या धडधडीत जिन्यावरची पावलं ऐकूच येईनात. कोण कुठवर आलं, काही कळेना. त्या हरामखोर मिलचा असा राग मला कधी आला नव्हता. काका कोपऱ्यात धोतर घट्ट धरून बसले होते. एवढ्यात दार वाजलं.

"उघडा! तीन लेकरंवाले तुमीच ना?"

काकांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तेवढं मात्र त्यांच्याच्यानं होईना. शेवटी मीच दार उघडलं. समोर मॅनेजर आणि जीपमधून आलेला माणूस. मी मिलच्या वरताण ओरडलो, "याईले एकबी लेकरू नाही! खोटं सांगतलं त्यायनं!"

नेमकी तेव्हाच मिल थांबली. माझं ओरडणं अख्ख्या लॉजने ऐकलं.

मॅनेजर म्हणाला, "मंग तीन कायले सांगतले जी?"

जीपवाल्याने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढं काही न विचारता तो जिना उतरला.

संध्याकाळी मोटर घेऊन आम्ही एसटीत बसलो. काका वाचले होते, पण आता तेच खिडकीबाहेर बघत बसले होते. मला माझीच लाज वाटत होती. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "लेकरंबाळं किती जी?"

काका गप्प.

"तीन हायेत," मीच म्हणालो. "पोरगी लय गुणाची."

काकांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, "औंदा चौथीत गेली."