रुक्मिणीबाईंना सोडून

आजारी माणसाला आपला आजार कळू न देणे, हा आपल्याकडच्या उपचारांचा पाया आहे. औषध त्यानंतर येते. धारूरजवळच्या एका गावचे माजी सरपंच उत्तरेश्वरराव यांनी हा पाया चांगला खोल घेतला होता. पत्नी रुक्मिणीबाईंच्या छातीतली कॅन्सरची गाठ उन्हाळ्यात काढली, ती 'चरबीची गाठ' म्हणूनच.

पुढे शहरातल्या डॉक्टरांनी बाईंचं रक्त एका नव्या यंत्रात घातलं. पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी, तिच्यात केसाइतक्या बारीक नळ्या. रक्त त्यांतून सोडलं की गाठीतून सुटून अंगभर हिंडणाऱ्या पेशी तेवढ्या अडकतात. अब्जावधी पेशींतून सात सापडल्या. डॉक्टर म्हणाले, "वेळेत कळलंय. पंधरा दिवसांत इंजेक्शनं सुरू करा, बऱ्या होतील."

उत्तरेश्वररावांनी बातमी अत्यंत गुप्त ठेवली. मुलगा प्रविण, सून रोहिणी, चार भाऊबंद, जीपवाला बजरंग (वाटेत रडू आलं म्हणून) आणि सोसायटीचे तेरा संचालक (कोरम भरला होता म्हणून) एवढ्या वीस जणांनाच सांगितली. आठवड्याअखेर माहीतगारांची संख्या दोनशे चौदा झाली. शेजारच्या सुभद्राबाई रोज येऊन रुक्मिणीबाईंचा हात धरून रडत आणि कांदा चिरून आल्याचं सांगत. (त्यात एक एकादशीही येऊन गेली.)

अडचण एकच उरली. रुक्मिणीबाई इंजेक्शनाला तयार होईनात.

"चरबीची गाठ व्हती, काढली. आता कावून टोचून घ्यू? मला काय झालंय?"

"काय बी न्हाई," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"मग झालं तर!"

तेरा दिवस गेले. बायको हातची जाईल या भीतीनं उत्तरेश्वररावांना घास गिळवेना, पण सांगायचं कुणी? भाऊबंदांनी प्रविणकडे बोट दाखवलं, प्रविणनं डॉक्टरांकडे. आणि डॉक्टरांनी तोंड उघडू नये म्हणून खुद्द उत्तरेश्वररावांनीच त्यांचे पाय धरले होते. शेवटी बैठकीत ठरलं, "परक्या मानसानंच सांगावं."

तर आता तुम्हालाही कळलं आहे, आणि तुम्ही परके आहात. दोन दिवस हातात आहेत. रुक्मिणीबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या आहेत. "या, बसा," म्हणतील. सांगाल?

राहू द्या. "तब्येत छान दिसतीय," म्हणा, चहा घ्या आणि निघा. आणि हो, परवा तुम्ही आत येताच तुमच्या घरचे बोलता बोलता गप्प झाले, ते मनावर घेऊ नका. तुम्हाला काहीही झालेलं नाही.