मांजरीच्या गच्चीवरील बर्फकार्डांची हकीकत

श्रीकृपेकरून, मांजरी मुलखी ऊस जाऊन जेथे इमारती उगवल्या, तेथील चौथ्या मजल्याचा कारभार अखंड चालविणाऱ्या आम्ही तुळजाबाई, यांचे कारकिर्दीत कार्डांची जी थोर मोहीम जाहली ती लिहून ठेवितो, सबब जिन्यातल्या बायका भलतेच सांगतात.

आमचे धाकटे दीर सर्जेराव, गुऱ्हाळाचे धनी, बांधावरच्या आंब्यापायी आम्हांवर रुसले होते. आंबा बिल्डराने केव्हाच तोडिला, तेथे पार्किंग जाहले, तरी रुसवा जागचा हलेना आणि त्यांचा गूळ आमच्या घरी येईना, आणि दुकानच्या गुळाचे तिळाचे लाडू ऐसे जाहले की खलबत्ता हरला. परंतु आम्ही वडील. वडिलांनी वाकावे ऐसा दाखला आमच्या खानदानात नाही.

ऐशात डिसेंबर मासी सूनबाई ऋतिका यांणी ऑनलाइन मार्गे रबरी शिक्के मागविले, आणि बर्फाचा बाप्या, सुरूचे झाड व चांदण्या ऐसी फौज जेवणाच्या टेबलावर उतरली, आणि नववर्षाची कार्डे घरी छापून तमाम नातलगांस धाडावी ऐसा मनसुबा ठरला. आम्ही पुसिले, मांजरीत बर्फ कोणाच्या बापाने पाहिला. सूनबाई वदल्या, "आई, फ्रीजर उघडा की." जबाब तिखट होता, पसंत पडला.

मग आमच्या मनी आले की कार्ड सरसकट सर्वांस गेले तर एक भाऊजींसही जाईल, आणि वहिनी वाकली ऐसे म्हणण्यास कोणास तोंड राहणार नाही. हा मसलतीचा भाग पोटात ठेवून आम्ही खासा शिक्का हाती घेतला. पहिला बाप्या उलटा पडला, दुसऱ्याचे शिर उमटलेच नाही, आणि मग हात बसला.

शाई जाड होती, वाळेना. टेबलावरच असू द्या, ऐसे बजावून सूनबाई हापिसात गेल्या. परंतु ओले ते गच्चीवर, हा आमचा कुरडयांपासूनचा शिरस्ता. आम्ही जुने धोतर अंथरून कार्डे उन्हास घातली, कावळ्यांच्या बंदोबस्तास काळी पिशवी टांगिली, आणि खाली येऊन लवंडलो. तो वारा फितूर जाहला. भाऊजींच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून चिपाडाची काळी राख उडाली, आणि बर्फावर बसली, आणि ओल्या शाईने ती घट्ट धरिली.

सूनबाई सायंकाळी वर गेल्या, खाली आल्या आणि काही बोलल्या नाहीत. हे वाईट. बोलणारी सून परवडते. चूक वाऱ्याची होती, तरी आम्ही कार्ड डोळ्यांशी धरिले आणि हुकूम केला, की हा बर्फ नव्हे, हे तीळ. नववर्ष गेले खड्ड्यात, संक्रांत करावी. सूनबाईंस हसू फुटले. त्यांणी बाप्याच्या गळ्यात पेनाने हलव्याचा हार चढविला, आणि खाली 'गोड बोला' लिहिले.

चिरंजीव पियुष स्कूटरवरून खलिता घेऊन गुऱ्हाळावर गेले आणि खबर आणिली, की काकांनी कार्ड उलटसुलट पाहून खिशात घातले.

संक्रांत उजाडली. तीळ भाजून तयार, गूळ नाही. चिरंजीवांनी दुकानात जाण्याची परवानगी मागितली; तंगडे मोडू, ऐसी ताकीद दिधली. दुपार टळली, तीळ गार जाहले, आणि आम्ही दाराकडे पाहत नव्हतो.

इतक्यात लिफ्ट बंद, सबब चार मजले धापा टाकीत भाऊजी हजर जाहले; खांद्यावर गुळाची ढेप, हाती कार्ड. म्हणाले, "वहिनी, हे तीळ न्हाईत. माझ्या धुराड्याची राख हाय ही."

आम्ही फर्माविले, माल ओळखलात, बरे केलेत. ढेप ओट्यावर, चपला बाहेर.

लाडू मऊ जाहले. भाऊजींनी चार खाल्ले आणि डोळ्यांत धूर गेल्याचे निमित्त केले, घरात धूर नसता. येणेप्रमाणे गनीम खासा चालून येऊन शरण जाहला, मोहीम फत्ते. वहिनीनेच कार्ड धाडून तह मागितला, ऐसे भाऊजी गुऱ्हाळावर सांगत फिरतात म्हणे. सांगोत. त्यांजकडे बखर लिहिणारे कोणी नाही.