भिंतीत न मावलेला पत्ता

आक्कांच्या उशीवर डोकं टेकलं की स्वप्नंसुद्धा मऊ पडतात, असं आक्का स्वतःच सांगत. आणि नाही म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. तरी गिऱ्हाइकं शेजारी, धाकट्या जावेच्या दुकानाकडे वळू लागली होती. कारण काय, तर तिच्या उशा इंटरनेटवर दिसत.

मग आक्कांनीही लेकाकडून दुकानाचं पान करून घेतलं. पानाचा पत्ता मात्र मराठीत हवा. मराठी अक्षरं प्रत्येक यंत्राला पचत नाहीत, असं लेक चाचरत म्हणाला.

"मला आईनं हाक मारली ती काय इंग्रजीत?" आक्कांनी विचारलं. विषय मिटला.

लेकानं पडद्यावरचा पत्ता उचलून दुकानाच्या भिंतीवर रंगवायला रंगाऱ्याच्या फोनवर धाडला आणि कामाला गेला. आक्कांनी रंगाऱ्याला बजावलं, आलाय तसा उतरव, एक टिंब गाळलंस तर गाठ माझ्याशी आहे. मग त्या आत नव्या उशीवर कलंडल्या. डोळ्यांपुढे कापूस तरंगू लागला. कापसावर बसून आपलं नाव संथपणे आभाळात चाललंय, आणि खाली जाऊ मान वर करून बघतेय...

"आक्का, भिंत संपली. पत्ता उरलाय."

बाहेर येऊन बघतात तर इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टक्क्याच्या खुणा मुंग्यांसारख्या दारावरून, खिडकीखालून निघून जावेच्या भिंतीपाशी येऊन थबकलेल्या. लेकाला फोन लावला. तो म्हणाला, मराठी पत्ता दुसरीकडे धाडला की यंत्र एकेका अक्षराचं असं शेपूट करतं. चुकीचा नाहीये, उघडतो बरोबर. पण पुसून टाक, मी छोटा करून देतो.

पुसणार, तोच जाऊ दारात आली. "जाऊबाई, हे वाचायचं की मोजायचं?"

आता पुसणं म्हणजे आपलं नाक कापून तिच्या हातात देणं. "मोठ्या दुकानाचा पत्ता मोठाच असतो," आक्का म्हणाल्या. "तुझी भिंत दे."

जावेनं हसत हसत दिली.

दुसऱ्या दिवसापासून सगळा रस्ता झोपेत चालल्यासारखा दिसू लागला. माणसं आक्कांच्या दारापासून एकेक खूण फोनवर उतरवत, मान खाली घालून, भिंतीच्या कडेनं सरकत. शेवटची खूण जावेच्या दाराशी. तिथवर पोचेतो पाय भरून आलेले. जाऊ बसायला खुर्ची देई, टेकायला उशी देई. लोक ती उशी घेऊनच घरी जात.

आक्कांना राहवेना. उंबऱ्यात येऊन त्यांनी एका गृहस्थाला हटकलं, अहो, दुकान हेच, आत या.

त्यानं मानही वर केली नाही. "थांबा मावशी, थोडंच राहिलंय," म्हणाला, आणि जावेच्या दाराकडे सरकला.