टाकी एक, खुर्च्या दोन

डिझेल वाचवायचं ना? त्यात काय एवढं! गाडी कमी चालवायची. झालं! एवढ्याशा गोष्टीसाठी लोक डोकं धरून का बसतात, हे मला कधी कळलंच नव्हतं.

माझा ट्रक आहे. लोकांचं सामान या जागेतून त्या जागेत पोचवायचं, हा धंदा. ट्रक म्हातारा, पण तहान तरुणाची! आणि डिझेलचे भाव असे, की पंपावर नळी लावली की माझ्याच अंगातून काहीतरी उपसलं जातंय असं वाटतं. त्यात मला सवय वाईट. भाजी आणायचीय? काढा ट्रक! कोपऱ्यावरून काड्यापेटी आणायचीय? काढा ट्रक!

एका संध्याकाळी बायकोनं फर्मान काढलं. "अहो, हा ट्रक आपल्याला खाणार. विकून टाका!"

शेजारी तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, चहात बिस्किट बुडवत बसला होता. त्याचं कुलपांचं दुकान आहे. तो म्हणाला, "भाऊजी, या की माझ्या काउंटरवर. पंखा आहे, स्टूल आहे, नुसतं बसून राहायचं."

बसून राहायचं! मी! बुडाखाली इंजिन थरथरत नसेल तर ज्याला करमत नाही, असा माणूस! माझं टाळकंच सटकलं. म्हणालो, "आजच टाकी फुल केलीय. महिना संपायच्या आत मी परत पंपावर गेलो, तर ट्रक विकला आणि तुझ्या स्टुलावर बसलो!"

"मंजूर!" दोघं एकदम ओरडले. मेहुण्याचं बिस्किट चहात पडलं, तरी त्याला भान नाही!

मग मी जो काही काटकसरीला लागलो! भाजी पायी. पाहुण्यांना सोडायला पायी. पाहुणेही पायी! छोट्या कामांना नकार देऊन देऊन जीभ दुखायला लागली. महिना संपत आला, काटा खाली आला, पण पंपाचं तोंड पाहिलं नाही. आणि अशात एकाच दिवशी दोन कामं आली. दातांच्या डॉक्टरांना दवाखाना हलवायचा होता आणि सलूनवाल्याला सलून. दोघांच्याही नव्या जागा गावाच्या त्याच अंगाला! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दोघांचं सामान एकाच फेरीत!

आता माझ्या पॅकिंगबद्दल सांगायला हवं. मी सामान जुन्या रजयांत असं गुंडाळतो, की आत काय आहे हे ज्याचं सामान त्यालाही ओळखू येत नाही. याचा मला फार अभिमान होता.

दुपारी घरी येऊन पाय पसरतो न पसरतो, तोच फोन. डॉक्टर!

"अहो ट्रकवाले, ही खुर्ची कुणाची? माझा पेशंट बसला, गर्रकन फिरला आणि म्हणाला, मागून जरा बारीक करा!"

तो ठेवतोय, तर सलूनवाला!

"मालक, मला वाटलं तुम्ही नव्या दुकानाला खुर्ची भेट दिली! गिऱ्हाईक बसवलं, बटण दाबलं, तर ते सपाट आडवं! वरून दिवा पेटला! मी विचारतोय, केस की दाढी? आणि तो नुसता 'आ' करून पडलाय! तोंड मिटतच नाही!"

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? काटा लाल रेषेवर टेकलेला. मी गाडी अशी हळू चालवली, की एक आजीबाई काठी टेकत पुढे निघून गेल्या. सलूनमध्ये गिऱ्हाईक अजून आडवंच. म्हणालं, "दाढ काढून झाली का?" त्याला समजावून खाली उतरवलं, खुर्ची चढवली. दवाखान्यात नेली, तिथली उचलली, सलूनमध्ये आणली. माझे हमाल माझ्याशी बोलेनासे झाले.

परत येताना बाजाराच्या रस्त्यावर ट्रकनं एक उचकी दिली. मग दुसरी. आणि थांबला. कुठे? मेहुण्याच्या दुकानासमोर! नुसता समोर नाही, दाराला दार लावून!

मेहुणा ट्रकखालून वाकून बाहेर आला. चेहरा नुसता फुललेला! "भाऊजी, संपलं ना डिझेल? आता जा पंपावर!"

ट्रक गेला, असंच वाटलं. डोळ्यांसमोर ते स्टूल दिसायला लागलं. आणि तेवढ्यात मला माझीच अट आठवली!

"मी? मी कशाला जाऊ पंपावर?" मी केबिनमध्ये पाय वर घेऊन बसलो. "मला काही घाई नाही. महिना संपला की बघू."

"अहो, माझं गिऱ्हाईक आत कुठून येणार?"

"ट्रकखालून. तू आलास की!"

दोन बायका आल्या, ट्रककडे बघून समोरच्या दुकानात गेल्या. मग एक जाडजूड गृहस्थ वाकले आणि तसेच अडकले. त्यांना ओढून काढल्यावर मेहुण्यानं कॅन उचलला आणि तणतणत पंपावर गेला. तो गेला हो, मी नाही! मी तिथूनच बायकोला फोन लावला. "जिंकलो! ट्रक आपलाच!"

"खरंच जिंकलात!" ती हसली. मला तर केबिनमध्ये नाचावंसं वाटलं. त्याच आनंदात मेहुण्याच्या हातातून कॅन घेतला, टाकीत ओतला, ऐटीत किल्ली फिरवली. ट्रक सुरू झाला, थोडा पुढे सरकला, असा काही खोकला की बाजारातली कबुतरं उडाली, आणि कायमचा गप्प झाला.

मी कॅन हुंगला. मग मेहुण्याकडे पाहिलं.

"काय आणलंस रे?"

"पेट्रोल," तो म्हणाला. "माझ्या स्कूटरला तेच लागतं!"

तर ट्रक माझाच आहे, विकलेला नाही, हे आधी लक्षात घ्या. सध्या गॅरेजमध्ये आहे. टाकी, नळ्या, पंप, सगळं उघडून ठेवलंय. मेकॅनिक रोज "उद्या" म्हणतो. तेव्हापासून ट्रकनं डिझेलचा एक थेंब प्यायलेला नाही. याला म्हणतात बचत! आणि दुरुस्तीचा खर्च अर्धा मेहुण्याचा, अर्धा माझा. माझा अर्धा मी इथे बसून फेडतोय.

पण ते जाऊ द्या. तुम्ही केव्हाचे उभे आहात. कुलूप दाराला हवंय की कपाटाला?